एका घरात दोन बिऱ्हाडे

आपल्याकडे भाऊवाटणीचे दोन प्रकार फार जुने आहेत. एका प्रकारात शेतात बांध पडतो आणि ज्याचे त्याचे रान वेगळे होते. दुसऱ्या प्रकारात वाडा तोच राहतो, फक्त चुली वेगळ्या होतात. महसुली कज्जे ज्याने वाचले आहेत त्याला हे ठाऊक असते, की वाड्याच्या वाटणीत खोल्यांचा निकाल बहुधा लवकर लागतो. तंटा उरतो तो सामाईक गोष्टींचा: दिंडीदरवाजा कोणी लावावयाचा, आडाचे पाणी कोणी केव्हा शेंदावयाचे, आणि अंगणातून जाण्यायेण्याची वहिवाट कोणाची. आज ज्या विषयाचा इतिहास सांगावयाचा आहे तो वाड्यांचा नाही, संगणकाचा आहे. परंतु एकाच यंत्रात दोन बिऱ्हाडे सुखाने नांदावीत यासाठी गेल्या चाळीस वर्षांत जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास पाहिला, तर तो या दुसऱ्या प्रकारच्या वाटणीचाच इतिहास आहे असे दिसून येते.

घरातील मेजावर जो संगणक असतो त्यात यंत्र वेगळे आणि यंत्राला राबविणारी प्रणाली वेगळी. या प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणे, कागदपत्रे डिस्कवर ठेवणे आणि मागाल तेव्हा ती परत देणे ही सर्व कामे तिची. बहुतेकांच्या यंत्रात मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही प्रणाली असते. लिनक्स ही दुसरी प्रणाली. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो. एकाच यंत्राच्या डिस्कवर या दोन्ही प्रणाली ठेवून, यंत्र सुरू होताना आज कोणती हवी ते निवडावयाचे, या व्यवस्थेला ड्युअल बूट असे म्हणतात. एका वेळी एकच प्रणाली जागी असते. दुसरी डिस्कवर निजलेली असते. दोन्ही बिऱ्हाडे पाळीपाळीने घरात वावरतात, आणि त्यांची भेट कधीच होत नाही. म्हणूनच सामाईक वस्तूंविषयीचे नियम आधी ठरवून ठेवणे अगत्याचे ठरते.

ही केवळ कारागिराची युक्ती आहे असे कोणास वाटेल. तसे ते नाही. या व्यवस्थेच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आहे: पैसे मोजून घरी आणलेल्या यंत्राच्या दारात प्रथम कोणी उभे राहावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? यंत्र विकणाऱ्याचा, प्रणाली लिहिणाऱ्याचा, की ते वापरणाऱ्याचा?

आरंभ करावयाचा तो ऑगस्ट १९८१ पासून. त्या महिन्यात अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. विजेची कळ दाबली की यंत्राला स्वतःचे असे फारच थोडे ज्ञान असते. एका छोट्या चिपवर कायमचा कोरलेला बायोस नावाचा प्रोग्राम प्रथम जागा होतो. तो अवयव तपासतो, तबकडीचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो आणि त्यात जे लिहिले असेल त्याच्या हाती कारभार सोपवितो. तो तुकडा आपल्यापेक्षा मोठ्या प्रोग्रामला उठवितो, आणि तो शेवटी सबंध प्रणालीला. या क्रमाला बूट होणे म्हणतात. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की पहिल्या तुकड्यात काय आहे याची बायोस चौकशी करीत नसे. जो दारात उभा, तो घरमालक, असा तो साधा हिशेब होता.

त्या पहिल्या यंत्राबरोबर आयबीएमने एक नव्हे, तीन प्रणाली देऊ केल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील शाखेत जन्मलेली पी-सिस्टिम. डॉसची किंमत ४० डॉलर होती; सीपी/एम-८६ काही महिने उशिरा आली आणि तिची किंमत २४० डॉलर ठेवण्यात आली. स्पर्धा तेथेच जवळजवळ संपली. तथापि मूळ कल्पनेत निवडीला जागा होती हे विसरता कामा नये. यंत्रात हार्ड डिस्क नव्हती. प्रणाली फ्लॉपीवर असे. जी फ्लॉपी घालावी ती प्रणाली चाले, आणि निवड शब्दशः वापरणाऱ्याच्या हातात असे.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने एक्सटी हे नवे यंत्र आणले. त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क पक्की बसविलेली होती. आता तबकडी बदलण्याची सोय राहिली नाही आणि वाटणीचा प्रश्न निर्माण झाला. त्यावर जी योजना निघाली ती पुढे जवळजवळ तीस वर्षे टिकली. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी राखले, शेवटचे २ बाइट शिक्क्यासाठी ठेवले, आणि मधल्या ६४ बाइटांत डिस्कच्या वाटण्यांची नोंद करावयाची असे ठरले. प्रत्येक नोंद १६ बाइटांची, म्हणजे एकूण नोंदी चार. कोणता भाग कोठून कोठवर, त्याचा प्रकार काय, आणि चालू भाग कोणता, एवढेच त्या नोंदीत असे. आपल्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशी याचे साम्य सहज लक्षात येईल. दहा मेगाबाइटांच्या एवढ्याशा डिस्कवर चार वाटण्यांची सोय कशासाठी? तर वेगवेगळ्या प्रणालींना एकाच डिस्कवर जागा मिळावी यासाठी. ड्युअल बूट ही मागाहून घुसविलेली खटपट नसून, वाड्याच्या पहिल्या नकाशातच तिची तरतूद होती.

पण कागदावरची तरतूद आणि प्रत्यक्ष वहिवाट यांत अंतर असते. डॉसचा प्रसार इतका झाला, की चार रकान्यांपैकी एकच भरलेला असणे हा जणू नियम झाला. दुसऱ्या बिऱ्हाडाला खरी निकड भासू लागली ती १९९१ नंतर, आणि तिचा उगम फिनलंडमधील हेलसिंकी शहरात आहे.

लिनस टोरवाल्ड्स हा तेथील विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याने जानेवारी १९९१ मध्ये हप्त्यांनी ३८६ जातीचा संगणक विकत घेतला. यंत्र आले ते डॉससह. काही दिवस त्याने त्यावर प्रिन्स ऑफ पर्शिया हा खेळ खेळण्यात घालविले. मग त्याने मिनिक्स ही प्रणाली मागविली. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्रयू टॅनेनबाउम यांनी ती विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी लिहिली होती आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली होती. विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीवरून जोडून घेण्याची मिनिक्समधील सोय लिनसला पसंत पडली नाही. म्हणून त्याने स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला, आणि तोही असा, की कोणत्याही प्रणालीच्या आधाराशिवाय थेट यंत्रावर चालावा. संपर्क साधावयाचा म्हणजे यंत्र बंद करावयाचे आणि या प्रोग्रामात पुन्हा सुरू करावयाचे. पुढे संपर्कातून आलेल्या फायली डिस्कवर ठेवण्याची गरज पडली. तेव्हा त्याने मिनिक्सचीच फायली ठेवण्याची पद्धत उचलली, कारण शेजारच्या वाटणीत मिनिक्स होतीच. अशा रीतीने वाढत वाढत तो प्रोग्राम प्रणाली झाला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनसने मिनिक्स वापरणाऱ्यांना आपल्या खटपटीची वार्ता कळविली, आणि पुढल्या महिन्यात पहिली आवृत्ती तयार झाली. लिनक्सचा जन्मच मुळी दुसऱ्याच्या घरात, पाळीपाळीने वावरत झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धातील एक प्रसंग लिनसने स्वतः आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. दूरध्वनीच्या यंत्राला क्रमांक लावण्याची आज्ञा त्याने चुकून हार्ड डिस्कला दिली, आणि मिनिक्सच्या वाटणीचा आरंभीचा भाग पुसला गेला. मिनिक्स पुन्हा बसवावी, की आपल्या नव्या प्रणालीत जे उणे आहे ते पुरे करून तीवरच राहावे, असा पेच पडला. त्याने दुसरा मार्ग पत्करला. १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल या परवान्याखाली आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाचा हा परवाना. जो प्रोग्राम वाटावयाचा त्याचा मूळ मजकूरही द्यावयाचा, हे त्याचे सार आहे.

आता जगभरच्या शेकडो विद्यार्थ्यांना ही प्रणाली वापरून पाहावीशी वाटू लागली. परंतु त्यांच्या यंत्रांत डॉस आणि विंडोज होती, आणि ती काढून टाकणे परवडणारे नव्हते. १९९२ मध्ये वेर्नर आल्मेसबेर्गर यांनी लिलो हा प्रोग्राम लिहिला. डिस्कच्या पहिल्या तुकड्यात तो बसे आणि लिनक्स की डॉस, असे विचारी. जसजशी एकेक पायरी पार पडे तसतसे त्याच्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटे. चार अक्षरे उमटली की स्वारी सुखरूप. दोनच अक्षरे उमटून यंत्र गोठले, म्हणजे दुसऱ्या पायरीचा प्रोग्राम हाती आला खरा, पण चालू झाला नाही, असे जाणते ओळखत. एवढ्याशा ४४६ बाइटांत दुखण्याचे निदानही बसविणारी ती बुद्धी कौतुकास्पदच होय.

अडचणी मात्र पुष्कळ होत्या. डिस्कवरील जागा सांगताना बायोस सिलिंडरच्या क्रमांकासाठी दहाच बिट ठेवीत असे. त्यामुळे १०२४ सिलिंडरांपलीकडचे त्याला दिसत नसे. प्रारंभी ही मर्यादा सुमारे ५०० मेगाबाइट आणि पुढील सुधारणेनंतर सुमारे ८ गिगाबाइट इतकी पडे. लिनक्सचा गाभा त्या रेषेपलीकडे गेला की यंत्र उठत नसे. म्हणून डिस्कच्या अगदी आरंभी त्याच्यासाठी एक छोटी वाटणी काढून ठेवण्याची रीत पडली. दुसरी अडचण जागा मोकळी करण्याची. सबंध डिस्क व्यापून बसलेल्या विंडोजला हलविणार कसे? त्यासाठी फिप्स नावाचा छोटा प्रोग्राम निघाला. आधी सर्व फायली डिस्कच्या पुढील भागात दाटीने गोळा करून घ्यावयाच्या, आणि मग मागची रिकामी जागा कापून वेगळी करावयाची, अशी त्याची पद्धत. मजकूर न पुसता बांध सरकविण्याची ही कला पुढे सर्व साधनांनी उचलली.

१९९५ साली विंडोज ९५ आली. त्याच वर्षी एरिक बोलेन यांनी ग्रब या प्रोग्रामाला आरंभ केला. ग्रब फायलींची रचना स्वतः वाचू शके. त्यामुळे गाभा बदलला की दारावरची नोंद पुन्हा करण्याची लिलोची कटकट संपली. दुसऱ्याच्या प्रणालीशी वागण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. विंडोजला कसे उठवावे हे ग्रब शिकत बसत नाही. तो विंडोजच्या स्वतःच्या आरंभक प्रोग्रामला हाक मारतो आणि बाजूला होतो. शेजारच्या बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात न शिरता फक्त त्याचे दार वाजवावे, तसे हे आहे.

विंडोजची रीत निराळी होती. विंडोज नव्याने बसविली की ती डिस्कच्या पहिल्या तुकड्यावर आपला मजकूर लिही. तेथे आधी कोण होते याची वास्तपुस्त करीत नसे. लिनक्सची वाटणी सुरक्षित असे, पण तिच्याकडे जाण्याची वाट बुजलेली असे. ‘विंडोज आधी, लिनक्स मागाहून’ हा जो नियम नवख्याला सांगितला जातो त्याचे मूळ येथे आहे. विंडोज एनटीमध्ये १९९३ पासून निवडीची यादी होती हे खरे. परंतु ती मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्याच प्रणालींसाठी होती.

यात हेतू किती आणि अनास्था किती, हा वादाचा विषय झाला, आणि तो न्यायालयापर्यंत गेला. बी या कंपनीने बीओएस नावाची गुणी प्रणाली तयार केली होती. यंत्रे विकणाऱ्यांनी विंडोजच्या जोडीला ती बसवून द्यावी, एवढीच तिची अपेक्षा होती. जपानच्या हिताची कंपनीने तशी यंत्रे काढलीही. परंतु चालू करताना निवडीची यादी ग्राहकापुढे येत नसे. बीओएस डिस्कवर असूनही सहजी सापडत नसे. यंत्रनिर्मात्यांशी केलेल्या विंडोजच्या करारांतील अटींमुळे हे घडते, असा बी कंपनीचा आरोप होता. फेब्रुवारी २००२ मध्ये तिने दावा लावला. तोवर तिचा व्यवसाय विकलाही गेला होता. सप्टेंबर २००३ मध्ये तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने २ कोटी ३० लाख डॉलरांहून थोडी अधिक रक्कम दिली, दोष मात्र कबूल केला नाही. पैसे मिळाले, पण बीओएसला बाजारात पुन्हा जागा मिळाली नाही. यंत्रावर प्रणाली असणे आणि ती दारात दिसणे यांत केवढे अंतर आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

दारानंतरची दुसरी सामाईक वस्तू म्हणजे घड्याळ. १९८४ च्या आयबीएम एटी यंत्रापासून संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ असते. ते तारीख आणि वेळ मोजते. पण ती वेळ कोणत्या देशाची, हे त्याला ठाऊक नसते. डॉसच्या परंपरेतील विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते. युनिक्सच्या परंपरेतील लिनक्स त्यात सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि स्थानिक वेळ हिशेबाने काढते. इंग्लंडमधील माणसाला हिवाळ्यात हा फरक जाणवतही नाही. आपली प्रमाणवेळ मात्र साडेपाच तासांनी पुढे आहे. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे, आणि विंडोजमधून लिनक्समध्ये गेले की साडेपाच तास पुढे, असा प्रकार भारतातील पुष्कळांनी पाहिला असेल. यंत्र बिघडलेले नसते. दोन बिऱ्हाडांनी एकाच घड्याळाचा अर्थ दोन प्रकारे लावलेला असतो. मुंबईच्या जुन्या रहिवाशांना यात नवल वाटू नये. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाल्यानंतरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या शहरात तिच्या जोडीला एकोणचाळीस मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ चालू होतीच. उपाय दोन्हीकडे तोच: एक पद्धत ठरवावी आणि दोघांनी ती पाळावी. लिनक्सला स्थानिक वेळ पाळावयास सांगता येते, किंवा विंडोजला जागतिक वेळ.

तिसरी सामाईक वस्तू म्हणजे फायलींचे कोठार. विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस ही फायली ठेवण्याची पद्धत आली. तिचा तपशील मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केला नव्हता. लिनक्सच्या लोकांनी तो निरीक्षणाने उलगडला. कित्येक वर्षे त्यांना त्या वाटणीतील मजकूर वाचता येई, पण तेथे लिहिणे धोक्याचे असे. २००७ मध्ये एनटीएफएस-३जी या प्रोग्रामाची भरवशाची आवृत्ती आली आणि ती अडचण पुष्कळशी दूर झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅरागॉन कंपनीने दिलेला प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाला. मात्र २०१२ च्या विंडोज ८ ने एक नवे वळण दिले. यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून बंद करतानाच आपला गाभा अर्ध्या झोपेत डिस्कवर लिहून ठेवण्याची सोय तिने आणली. वापरणाऱ्याला वाटते, विंडोज बंद झाली. वस्तुतः ती डोळे मिटून पडलेली असते आणि आपले कोठार जसेच्या तसे सापडेल या समजुतीत असते. अशा वेळी लिनक्सने तेथे काही ठेवले, तर मजकूर बिघडण्याचा संभव असतो. म्हणून लिनक्स बहुधा तेथे लिहिण्याचे नाकारते. ज्याला दोन्ही प्रणाली ठेवावयाच्या आहेत त्याने विंडोजमधील ही जलद आरंभाची सोय बंद करावी हे उत्तम.

दरम्यान वाड्याचा पायाच बदलला. जुन्या नोंदवहीत २ टेराबाइटांपलीकडची डिस्क मावत नव्हती. बायोसच्या जागी यूईएफआय आली. इंटेलने तिची सुरुवात केली आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या मंडळाने तिचा कारभार घेतला. चार रकान्यांच्या जागी सामान्यतः १२८ रकान्यांची नवी नोंदवही आली. दारासाठी डिस्कवर एक स्वतंत्र वाटणी ठरली आणि तीत प्रत्येक प्रणालीचा आरंभक प्रोग्राम आपापल्या कप्प्यात राहू लागला. एकाच चौकटीवर एकाच नावाची पाटी लावण्याचा जुना झगडा मिटला, निदान मिटावयास हवा होता.

परंतु त्याच दारावर आता पहारेकरी आला. सुरुवातीच्या तुकड्यातच ठाण मांडून बसणाऱ्या घातक प्रोग्रामांना अडविण्यासाठी सिक्युअर बूट ही योजना निघाली. ज्याच्यावर मान्य शिक्का असेल त्यालाच आत घ्यावयाचे. योजना रास्त होती. प्रश्न एवढाच, की शिक्का कोणाचा? विंडोज ८ ची अधिकृत खूण मिळवू पाहणाऱ्या यंत्रांत ही सोय चालू असली पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने घातली, आणि यंत्रांत शिक्के असत ते मुख्यतः तिचेच. सप्टेंबर २०११ मध्ये मॅथ्यू गॅरेट या लिनक्सच्या अभियंत्याने यातील धोका उघड करून सांगितला. बरीच चर्चा झाली. अखेर इंटेल जातीच्या यंत्रांवर हा पहारा बंद करण्याची मुभा मालकाला असावी, असे त्या अटींत नमूद झाले. २०१५ च्या विंडोज १० पासून ती मुभा ठेवणे न ठेवणे यंत्रनिर्मात्याच्या मर्जीवर सोडण्यात आले. लिनक्सवाल्यांनी शिम नावाचा छोटा प्रोग्राम तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टचा शिक्का घेतला, आणि पुढील प्रोग्राम तपासण्याचे काम त्या शिमकडे सोपविले. तडजोड व्यवहारी होती. पण शेजाऱ्याच्या सहीवाचून आपल्या घरात शिरता येत नाही, ही बोच तीत राहिलीच.

ही बोच काल्पनिक नाही, हे ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. ग्रबच्या जुन्या, सदोष आवृत्त्या चालू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने आपल्या मासिक दुरुस्तीत एक नियम धाडला. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना तो लागू होणार नाही असे तिने सांगितले होते. परंतु काही यंत्रांची परीक्षा चुकली, आणि कित्येकांची लिनक्स उठेनाशी झाली. पहारा तात्पुरता बंद करून तो नियम पुसण्याचा मार्ग लवकरच सापडला. विंडोजकडून पक्की दुरुस्ती मे २०२५ मध्ये झाली. येथे कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. सदोष ग्रबला अडविणे आवश्यकच होते. परंतु दाराची किल्ली एकाच बिऱ्हाडाकडे असली, म्हणजे त्याच्या चांगल्या हेतूचाही त्रास दुसऱ्याला होतो.

मग एवढ्या खटाटोपाची आज आवश्यकता काय, असा प्रश्न येतो. १९९९ पासून व्हीएमवेअरसारख्या साधनांनी एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविता येते. २०१६ पासून तर मायक्रोसॉफ्टनेच विंडोजच्या आत लिनक्सच्या आज्ञा चालविण्याची सोय दिली आहे. पुष्कळांचे काम त्यावर भागते आणि त्यांनी डिस्कवर बांध घालण्याच्या भानगडीत पडू नये. पण पोटातली प्रणाली ही पाहुणी असते. तिला यजमानाच्या स्मृतीचा आणि गतीचा काही वाटा मिळतो, सबंध यंत्र मिळत नाही. आणि यजमान आजारी पडला की पाहुण्याची पंचाईत होते. ड्युअल बूटमध्ये प्रत्येक प्रणाली आपल्या पाळीला पुरी घरधनीण असते. जुन्या, थोड्या स्मृतीच्या यंत्रावर हा फरक मोठा ठरतो.

आपल्या देशात अशी जुनी यंत्रे थोडी नाहीत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती थांबली, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी धडधाकट यंत्रे मागे राहिली. त्यांना लिनक्स पुन्हा कामास लावू शकते. दुसरीकडे विंडोज सोडवत नाही याचीही सबळ कारणे आहेत, आणि त्यांतले एक आपल्या भाषेशी निगडित आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या साधनांनी टंकलेले मराठी ग्रंथ, अहवाल आणि पत्रव्यवहार मोठ्या प्रमाणावर विंडोजवरील त्या त्या प्रोग्रामांत अडकलेले आहेत. ते उघडावयाचे तर जुने बिऱ्हाड मोडून चालत नाही. नव्या लेखनाला मात्र ही अडचण नाही. युनिकोडमधील देवनागरी दोन्ही प्रणालींत सारखीच दिसते, आणि भारत सरकारने प्रमाण ठरविलेला इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे आहे. सी-डॅकने २००७ मध्ये लिनक्सवर आधारलेली बॉस ही भारतीय प्रणाली सिद्ध केली, तीतही भारतीय भाषांची सोय हा मुख्य हेतू होता. ज्याला जुने कागद सांभाळावयाचे आहेत आणि नवे शिकावयाचे आहे, त्याला दोन बिऱ्हाडांचे घर सोयीचे असते.

असे घर जो मांडू पाहतो त्याला या इतिहासातून कामाचा क्रम आपोआप मिळतो. बांध सरकविण्यापूर्वी आपल्या सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. हा नियम फिप्सच्या काळीही होता आणि आजही आहे. विंडोजची डिस्क कूटबद्ध असेल, तर तिची अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी. दाराची व्यवस्था बदललेली दिसली की विंडोज ती मागते. विंडोज आधीच असेल, तर तिची वाटणी तिच्याच साधनाने आकुंचित करावी. ही सोय २००७ च्या व्हिस्टापासून तिच्यात आहे. जलद आरंभ बंद करावा. मग लिनक्स यूएसबीवर घेऊन, काहीही न बसविता प्रथम तेथूनच चालवून पाहावी. पडदा, आवाज, जाळ्याशी जोडणी ही सर्व नीट चालतात अशी खात्री झाली की मोकळ्या केलेल्या जागेत ती बसवावी. विंडोजच्या वाटणीला आणि दाराच्या वाटणीला पुसण्याची आज्ञा देऊ नये. यंत्रात दुसरी डिस्क लावणे शक्य असेल, तर लिनक्सला ती स्वतंत्र द्यावी; मेजावरच्या यंत्रांत तशी जागा बहुधा असते. शेवटी घड्याळाचा करार करून टाकावा. विंडोजच्या एखाद्या मोठ्या दुरुस्तीनंतर लिनक्स दिसेनाशी झाली, तरी घाबरू नये; ती बहुधा जागच्या जागी असते, फक्त दारावरचा क्रम बदललेला असतो आणि तो पुन्हा लावता येतो.

चाळीस वर्षांपूर्वी डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत वाटणीसाठी चार रकाने ठेवणाऱ्यांना पुढील तंट्यांची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी एवढेच गृहीत धरले, की यंत्र ज्याचे त्याला एकाहून अधिक प्रणालींची गरज पडू शकेल, आणि ती पडली तर जागा असावी. पुढे दारावर पहारे बसले, शिक्के आले, करारांच्या अटी आल्या. त्यांतील काही आवश्यक होत्या, काही नव्हत्या. पण प्रत्येक वेळी कोणीतरी विद्यार्थ्याने, अभियंत्याने किंवा साध्या वापरणाऱ्याने त्या पहिल्या नोंदवहीतील मोकळा रकाना लक्षात ठेवला. यंत्र सुरू होताना पडद्यावर काही क्षण जी दोन नावे दिसतात आणि कोणते हवे असे विचारतात, ती त्या आग्रहाची फलश्रुती आहे. बहुतेक लोक रोज एकच नाव निवडतील. दुसरे तेथे असले पाहिजे, आणि ते ठेवावयाचे की काढावयाचे हे घराच्या मालकाने ठरविले पाहिजे.